वहीतले बारा मिलिमीटर

सुखदेव ओव्हाळ नोकरीत नेमकं काय करतात, हे त्यांच्या बायकोला लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी माहीत नव्हतं. हिराताईंना एवढंच ठाऊक होतं की नवरा सरकारी प्रयोगशाळेत आहे आणि काम एक्स-रेचं आहे. त्यामुळे विश्रांतवाडीच्या त्यांच्या गल्लीत कोणाचा हात मोडला, कोणाच्या छातीत कळ आली, की माणसं फिल्मचं पाकीट घेऊन ओव्हाळांच्या दारात उभी राहायची. सुखदेव फिल्म उजेडात धरायचे, बराच वेळ बघायचे आणि म्हणायचे, “डॉक्टरांना दाखवा.” एवढ्यावर त्यांची गल्लीत चांगली पत होती. त्यांच्या मुलाने, चेतनने, तिसरीत असताना निबंधात ‘माझे वडील फोटो काढतात’ असं लिहिलं, तेव्हा दोन शेजाऱ्यांनी लग्नाच्या फोटोंचीही चौकशी करून पाहिली.

हे सगळं मला त्यांनीच सांगितलं होतं, आणि सांगताना ते हसायचे. मला हसू यायचं नाही. मी मुळातच हसरी बाई नाही. पेठेत वाढलेली, एम.एससी.ला विद्यापीठात दुसरी आलेली आणि पहिली का नाही आले याचा राग पुढे दहा वर्षं नाकावर घेऊन फिरलेली. १९९३ साली मी त्या प्रयोगशाळेत रुजू झाले तेव्हा सव्वीस वर्षांची होते, आणि जगाला माझी गरज आहे अशी माझी पक्की समजूत होती.

चेतनचा निबंध तसा बरोबरच होता. सुखदेव फोटोच काढायचे. बंदुकीतून सुटलेली गोळी पोलादी पत्रा फोडून आत शिरताना तिचा आकार कसा बदलतो, हे डोळ्यांना दिसत नाही आणि साध्या कॅमेऱ्यालाही दिसत नाही, कारण धूर आणि ठिणग्या आड येतात. तिथे क्ष-किरण लागतात, आणि तेही इतके क्षणभर, की गोळी जागच्या जागी थांबल्यासारखी वाटली पाहिजे. सेकंदाचे दीड कोटी तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याएवढा वेळ. तेवढ्यापुरता किरणांचा फवारा उडवणारं यंत्र आमच्या बंकरमध्ये होतं.

यंत्राचा जीव होता तो डायोड. त्यात धातूचे दोन तुकडे समोरासमोर आणि मध्ये बोटाच्या रुंदीएवढी मोकळी जागा, जिच्यातली हवा पंपाने ओढून काढलेली. सहा लाख व्होल्टचा झटका दिला की एका तुकड्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, दुसऱ्यावर आदळतात आणि किरण निघतात. पण त्याच झटक्याने धातूच्या पृष्ठभागाचीच जळती वाफ होते. तिला प्लाझ्मा म्हणतात. ती मोकळ्या जागेत पुढे सरकू लागते आणि पलीकडच्या तुकड्याला भिडली की खेळ खलास. म्हणजे अंतर जास्त ठेवलं तर किरण कमी पडतात, फोटो फिका येतो. फार कमी ठेवलं तर वाफ आधीच पलीकडे पोचते आणि फोटो येतच नाही. मी या वाफेचा अभ्यास करायला आले होते. ती किती वेगाने सरकते, हा माझ्या पीएच.डी.चा विषय.

ते अंतर लावायचे सुखदेव. औंधच्या आयटीआयमधून फिटर होऊन ते १९८० साली लागले. वडील खडकीच्या कारखान्यात कामगार होते, आणि मुलाने कारखान्यात नाही, प्रयोगशाळेत जावं हा त्यांचा हट्ट. बंकरला तीन फूट जाडीच्या काँक्रीटच्या भिंती, खिडकी नाही, एक लोखंडी दार, एक दिवा. आत शिरायचं तर छातीला किरण मोजायचा बिल्ला लावायचा. सुखदेव सकाळी नऊला आत जायचे, डायोड उघडायचे, दोन्ही तुकडे स्पिरिटने पुसायचे, अंतर लावायचे, ते नोंदवहीत लिहून सही करायचे, पुन्हा बंद करून पंप सुरू करायचे. शेवटी तेच बाहेर यायचे, दार लावायचे आणि दाराची किल्ली आणून नियंत्रण फलकात घालायचे. ती किल्ली फिरल्याशिवाय यंत्र चालतच नसे, म्हणजे कोणी आत अडकून भाजू नये. आठवड्यातून चार वेळा हा सोहळा, वर्षानुवर्षं. एकदा मी त्यांना विचारलं होतं की आत भीती नाही का वाटत. ते म्हणाले, “भीती नाही मॅडम. फक्त बाहेर ऊन आहे का ढग आहेत ते कळत नाही.”

त्यांच्या हाताला यश होतं. ते सुट्टीवर असले की फोटो फिके यायचे आणि आमचे साहेब, डॉ. दिगंबर कानिटकर, दिवसभर सगळ्यांवर डाफरत फिरायचे. कानिटकरांचं यंत्र होतं ते, आराखडा त्यांचा. आराखड्यात अंतर बारा मिलिमीटर होतं आणि त्यावर समितीचा शिक्का होता. मी नवीन असताना सुखदेवना विचारलं, “अंतर किती ठेवलंय आज?” ते म्हणाले, “वहीत बारा आहे.” मी बारा धरलं. पुढची चार वर्षं मी रोज हेच विचारलं आणि त्यांनी रोज हेच उत्तर दिलं. एवढी शिकलेली बाई मी, पण आत जाऊन पट्टी लावून बघावं असं काही मला सुचलं नाही.

खरं तर मला वेगवेगळी अंतरं ठेवून मोजमाप करायचं होतं. शास्त्राची रीत तीच. पण मंजूर आराखड्याबाहेरचं अंतर ठेवायला परवानगी लागते, म्हणून मी अर्ज केला. अर्ज चौदा महिने फिरला आणि परत आला तेव्हा त्यावर ‘कृपया चर्चा करावी’ एवढा शेरा होता. कोणी कोणाशी चर्चा करावी, हे लिहिलेलं नव्हतं. शेवटी वहीतल्या बारा या एकाच अंतरावर, आणि सुखदेव हजर असतानाच, मी सगळी मोजमापं केली: विजेच्या प्रवाहावरून उरलेली मोकळी जागा काढायची, ती बारातून वजा करायची, की वाफ किती पुढे आली ते कळतं.

आणि त्यातून एक शोध निघाला. माझ्या आलेखांत दिसत होतं की झटका बसताक्षणी प्लाझ्मा आधी एक मिलिमीटरभर उडी मारतो आणि मग आपल्या संथ चालीने सरकू लागतो. अशी उडी कोणी पाहिली नव्हती. कानिटकर खूश झाले. ‘उडी’ या एका गोष्टीवर मला १९९७ साली डॉक्टरेट मिळाली, परदेशातल्या एका नियतकालिकात माझा आणि कानिटकरांचा लेख आला. २००० सालच्या सप्टेंबरात युरोपात परिषद होती, तिथे बोलायला मला बोलावणं आलं. आमच्या इमारतीतून अशा परिषदेला गेलेली मी पहिली बाई ठरणार होते. आईने पेठेत कोणाला सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं.

सुखदेवना त्या सात वर्षांत काय मिळालं? काही नाही. वरच्या पदासाठीची कामाची परीक्षा ते तीनदा पास झाले आणि तिन्ही वेळा जागाच रिकामी नव्हती. बाहेर मात्र पुणं बदलत होतं. चाकणला कारखाने येत होते, हिंजवडीला काचेच्या इमारती उठत होत्या, आमच्याकडचे तरुण शास्त्रज्ञ संगणकाचे क्लास लावून एकेक करून निघून जात होते. सुखदेव पंचेचाळीसचे झाले होते, त्यांना कोण नेणार, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

२००० च्या फेब्रुवारीत त्यांनी एक दिवस रजा घेतली आणि चाकणच्या एका नव्या कंपनीत मुलाखत दिली. कंपनीला निर्वात, म्हणजे हवा काढून घेतलेल्या, भांड्यांचं काम जाणणारा पर्यवेक्षक हवा होता. तिथलं सगळं सुखदेवनी दुसऱ्या दिवशी मला पंपाच्या आवाजात सांगितलं.

“त्यांनी विचारलं, काय काम करता? मी म्हटलं, व्हॅक्यूमचं. कसलं व्हॅक्यूम? म्हटलं, ते सांगता येत नाही. यंत्र कुठलं? म्हटलं, तेही सांगता येत नाही. तो पोरसवदा साहेब हसायला लागला. म्हणाला, काका, मग आम्ही तुम्हाला घ्यायचं कशावरून?”

“मग?”

“मग मीच म्हटलं, तुमच्याकडे एखादं गळकं भांडं असेल तर द्या. होतं. दोन दिवस त्यांना गळती सापडत नव्हती. मी ब्रश मागितला, स्पिरिट मागितलं. एकेका जोडावर स्पिरिट फिरवत गेलो आणि दाबाच्या काट्याकडे बघत राहिलो, गळती असेल तिथे काटा हलतो. वीस मिनिटांत सापडली.” आणि मग म्हणाले, “मॅडम, त्या शेडला वरून पूर्ण काच आहे. उजेडात काम करतात लोक.”

एक ऑगस्टपूर्वी रुजू व्हायचं होतं. सुखदेवनी राजीनामा लिहिला, स्वच्छ अक्षरात. कानिटकरांनी तो वाचून टेबलावर ठेवला आणि त्यावर पाण्याचा पेला ठेवला.

“ओव्हाळ, तुम्ही गेल्यावर शॉट कोण काढणार?”

“कोणीही काढेल साहेब. मी शिकवतो.”

“ठीक आहे. दुसऱ्या कोणी लागोपाठ पाच फोटो तुमच्यासारखे काढून दाखवले, की मी शिफारस करतो. तोपर्यंत हा कागद इथेच राहील. आपल्या खात्यात राजीनामा देऊन चालत नाही, तो स्वीकारावा लागतो, ठाऊक आहे ना?”

दुसऱ्या विभागातून ज्ञानदेव नावाचे फिटर शिकायला आले. वयाने सुखदेवच्याच बरोबरीचे, शांत, माळकरी, अति सरळ. सुखदेवनी त्यांना सगळं शिकवलं. पुसायचं कसं, पंप कधी सुरू करायचा, रबरी कडी कशी बसवायची. ज्ञानदेवांनी आराखड्याप्रमाणे बारा मिलिमीटर अंतर मोजून लावलं. फोटो फिका आला. दुसराही फिका, तिसराही. एप्रिल असाच गेला. कानिटकर माझ्याकडे बघून म्हणाले, “हा माणूस जाऊ शकत नाही, पूर्णिमा. कला आहे त्याच्या हातात.” सुखदेव तिथेच उभे होते. एरवी अशा कौतुकाने माणूस सुखावतो, त्यांचा चेहरा मात्र पडला.

मे महिन्यात, पंप चालू असताना आम्ही दोघंच नियंत्रण खोलीत बसलो होतो. हवा पुरेशी निघायला दोन तास लागायचे. सुखदेव डबा उघडून बसले होते, पण जेवत नव्हते.

“मॅडम, एक सांगायचंय. कला-बिला काही नाही. अंतर अकरा आहे.”

“कशाचं अंतर?”

“डायोडचं. मी अकरा लावतो. पहिल्यापासून.”

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी खिशातून एक पितळी ठोकळा काढून माझ्यासमोर ठेवला. नेमका अकरा मिलिमीटर जाडीचा, त्यांनी स्वतः घासून केलेला. तो मध्ये ठेवून ते अंतर लावायचे.

“यंत्र नवीन होतं तेव्हा, एक्याण्णव साली, मीच साहेबांना म्हटलं होतं की अकरावर फोटो जास्त चांगला येतो, करून बघितलंय. साहेब म्हणाले, ओव्हाळ, आराखडा मी काढायचा आणि पाना तुम्ही धरायचा. बारा म्हणजे बारा. सगळ्यांसमोर म्हणाले. मला राग आला, मॅडम. मग म्हटलं, ठीक आहे, वही तुमची, बारा घ्या. फोटो माझा, तो अकराचा.” त्यांनी डबा बंद केला. “मला वाटलं, एक दिवस साहेबच विचारतील फोटो इतका चांगला कसा येतो. नऊ वर्षं झाली, कोणी विचारलं नाही. माझे वडील सही करण्याआधी कागद दोनदा वाचायचे. आणि मी रोज खोटं लिहून सही करतोय.”

“मग ज्ञानदेवांना देऊन टाका की हा ठोकळा.”

“दिला होता. ते म्हणाले, अकरा लावलं तर मी अकराच लिहिणार. आणि आराखड्याबाहेरचं अकरा लिहिलं तर मेमो. तो माणूस खोटं लिहीत नाही. मी काय त्याला खोटं लिहायला शिकवू?”

मग ते मूळ मुद्द्यावर आले. मी गटाची शास्त्रज्ञ होते. अंतर बारावरून अकरा करावं असं एक टिपण मी समितीला लिहिलं, तर आराखडा बदलेल. ज्ञानदेव अकरा लावतील, अकरा लिहितील, पाच फोटो येतील आणि सुखदेव सुटतील. “जुनं काही काढायची गरज नाही. आणि निघालंच, तर माझ्यावर काय यायचं ते येऊ दे. फक्त एक पान लिहा, मॅडम.”

मी म्हटलं, “लिहिते.” तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

टेबलाशी जाऊन मी टिपण लिहायला घेतलं आणि पहिल्या ओळीवरच हात थांबला. मी कपाटातून माझे जुने आलेख काढले. जिथे जिथे बारा होतं तिथे अकरा घालून गणित पुन्हा केलं. अर्ध्या तासाचं काम. उडी नाहीशी झाली. मुळात ती नव्हतीच. प्लाझ्मा पहिल्यापासून आपल्या संथ चालीने सरकत होता आणि सगळे बिंदू एका रेषेवर येऊन बसले होते. इतकी सरळ रेषा मी आयुष्यात काढली नव्हती. जो एक मिलिमीटर मी शोधला म्हणून डॉक्टर झाले, तो सुखदेवच्या खिशातल्या पितळी ठोकळ्यामुळे कमी झालेला होता.

टिपण समितीकडे गेलं असतं तर कानिटकरांनी सगळ्यात आधी मला नव्या अंतरावर उडी मोजायला सांगितली असती. ज्ञानदेवांनी प्रामाणिकपणे अकरा लावलं असतं आणि उडी दिसली नसती. परिषदेला चार महिने होते.

मी काय केलं ते सांगते. मी काही केलं नाही. टिपण लिहिलं, नीट लिहिलं, आणि खणात ठेवलं. सुखदेव दर आठ दिवसांनी विचारायचे, “झालं का मॅडम?” मी म्हणायचे, “बघतेय.” जूनमध्ये म्हटलं, समितीची बैठक पुढे गेलीय. ती गेली नव्हती. मग म्हटलं, टंकलेखक रजेवर आहे. तोपर्यंत माझ्या टेबलावर संगणक आला होता आणि टंकलेखकाची गरज उरली नव्हती, हे त्यांना दिसत होतं. ते तरी “बरं” म्हणायचे. मला त्यांच्या त्या ‘बरं’चा संताप यायचा. माणसाने भांडावं, आवाज चढवावा, मग आपल्यालाही चढवता येतो. हा माणूस किल्ली घेऊन पुन्हा बंकरमध्ये जायचा.

जुलैमध्ये कंपनीचं पत्र आलं: पंधरा ऑगस्टपर्यंत थांबू, त्यानंतर नाही. सुखदेवनी ते पत्र घडी करून शर्टाच्या खिशात, बिल्ल्याच्या मागे ठेवलं. त्यांनी कानिटकरांना एक शेवटची चाचणी घ्यायला लावली. जुलैच्या अखेरीस ज्ञानदेवांनी पाच शॉट काढायचे होते, साहेबांच्या समोर.

मी ठरवलं होतं की त्या दिवशी बोलायचं. खरंच ठरवलं होतं. टिपण खणातून काढून फाइलमध्ये घातलं आणि ती फाइल छातीशी धरून मी नियंत्रण खोलीत उभी राहिले. पाचही फोटो फिके आले. गोळीची कड पुसट, पत्र्याच्या चिरा दिसतच नव्हत्या. कानिटकरांनी पाचवी फिल्म दिव्यावर धरली, खाली ठेवली आणि विचारलं, “कोणाला काही सांगायचंय? ओव्हाळ?”

सुखदेवनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, विनवणीनेही नाही. नुसतं पाहिलं.

मी म्हटलं, “ज्ञानदेवांना अजून थोडा सराव लागेल, सर.”

एवढं एकच वाक्य. वाक्य म्हणून खोटं नव्हतं, त्यामुळे तर ते मला इतकं सहज बोलता आलं. सुखदेव म्हणाले, “माझं काही नाही साहेब.” सात ऑगस्टला त्यांनी राजीनामा परत घेतला. कारणाच्या जागी ‘घरगुती अडचण’ असं लिहिलं होतं. घरी त्यांनी हिराताईंना सांगितलं की कंपनीनेच नाही म्हटलं. ज्ञानदेव आपल्या जुन्या विभागात परत गेले आणि जाताना मला म्हणाले, “आमच्या हाताला गुण नाही, बाई.” त्यांनाही मी काही सांगितलं नाही.

सप्टेंबरात मी परिषदेला गेले. उडीवर बोलले, टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने विचारलं, “अंतर तुम्ही स्वतः मोजलं होतं का?” मी म्हटलं, हो.

परत आल्यावर पाहिलं तर वहीच्या जागी छापील तक्ते आले होते. गुणवत्तेच्या प्रमाणपत्राची टूम निघाली होती सगळीकडे, आमच्याकडेही. तक्त्यात ‘प्रत्यक्ष मोजलेले अंतर’ असा नवा रकाना होता आणि खाली दोन सह्या, फिटरची आणि शास्त्रज्ञाची. सुखदेव त्यात बारा लिहायचे आणि कागद माझ्यासमोर धरायचे. मी सही करायचे. आधी ते एकटे खोटं लिहीत होते, आता आम्ही दोघं लिहीत होतो, आणि दोघांना ते माहीत होतं. तीन वर्षं हे चाललं. त्या काळात आम्ही एकमेकांशी कामाव्यतिरिक्त एक शब्द बोललो नाही. ती खोली मला नकोशी झाली. मला मात्र बाहेर पडता आलं. २००३ साली बढतीवर दुसऱ्या विभागात गेले, खिडकीची खोली मिळाली. सुखदेव तिथेच राहिले.

२००६ च्या जानेवारीत एका परदेशी गटाचा लेख माझ्या हाती आला. त्यांनी अनेक अंतरांवर, अनेक धातूंवर मोजमापं केली होती. उडी कुठेही सापडली नाही. आमच्या लेखाचा उल्लेख एका तळटीपेत होता: ‘तेथील निष्कर्ष अंतराच्या मोजमापातील त्रुटीमुळे असावा.’ मी ती तळटीप पुन्हा पुन्हा वाचली. ज्याची सहा वर्षं धास्ती घेतली ते समोर आलं होतं. मी वाट पाहिली. आठवडा, महिना, दोन महिने. कानिटकर निवृत्त झाले होते, त्यांनी फोनवर “असं होतं कधीकधी” म्हटलं आणि गुडघ्याच्या दुखण्याबद्दल बोलले. संचालकांनी वाचलाच नाही. डॉक्टरेट कोणी परत मागितली नाही. कोणाच्या भुवईचा केससुद्धा हलला नाही.

मार्चच्या एका रविवारी मी विश्रांतवाडीला गेले. घर विचारत विचारत गेले, पहिल्यांदाच. हिराताईंनी दार उघडलं, मला ओळखलं नाही, तरी आत बसवलं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली चेतनचा पदवीचा फोटो. तो आता एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. सुखदेव नुकतेच विहारातून आले होते, पांढऱ्या सदऱ्यात. मी त्यांना प्रयोगशाळेबाहेर कधी पाहिलं नव्हतं. उजेडात ते बरेच म्हातारे दिसत होते.

“या मॅडम. हिरा, चहा टाक गं.”

मी त्यांना लेखाबद्दल सांगितलं. साध्या शब्दांत, सगळं. उडी नव्हती, ते आता जगाला कळलं, आणि तुमचं अकरा खरं होतं. आता मी समितीला लिहीन, म्हटलं. आराखडा बदलून घेईन. त्यांनी मान डोलावली. त्यांच्या निवृत्तीला अजून नऊ वर्षं होती, आणि चाकणची ती कंपनी आता एकावन्नाव्या वर्षी त्यांना कशाला घेणार होती? हे आम्हाला दोघांनाही न बोलता कळत होतं.

हिराताई चहा ठेवून गेल्या. सुखदेवनी कप उचलला नाही.

“मग तुमचं काय झालं, मॅडम?”

“काही नाही.”

“चौकशी?”

“नाही.”

“मेमो वगैरे?”

“काहीच नाही, ओव्हाळ.”

आत हिराताई भांडी लावत होत्या.

“मला वाटलं होतं,” ते म्हणाले, “तुमची नोकरी जाईल. तुम्ही टिपण का देत नाही ते मला तोपर्यंत कळलं होतं, तुमची डॉक्टरेट वहीतल्या बारावर होती. त्या दिवशी साहेबांनी विचारलं ना, तेव्हा मी सांगणारच होतो. खिशात ठोकळा होता. पण तुमचा चेहरा बघितला आणि म्हटलं, हिने नुकतंच घर घेतलंय, म्हातारी आई आहे, नोकरी गेली तर काय करेल ही? म्हणून मग नाही बोललो.”

ते म्हणाले, “चहा घ्या, निवतोय,” आणि मी घेतला. नोकरी जाण्याची भीती मला त्या दिवशी एक क्षणही वाटली नव्हती. मला फक्त परिषदेला जायचं होतं. हे मात्र मी त्यांना तेव्हाही सांगितलं नाही.